ओळीच्या शेवटची घंटी

३ फेब्रुवारी, सोमवार

हे टाइपरायटरचं मशीन मला फुकटात मिळालं, असं मी आजवर भेटेल त्याला सांगत आलो. आज खरा हिशेब मांडतो. एक कचेरी बंद होत होती. तिथल्या हेडक्लार्कला विहिरीवर बसवायला पंप हवा होता. मी माझ्या हातांनी जोडलेला पहिला पंप त्याला दिला आणि हे मशीन सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणलं. म्हणजे एक पंप गेला. त्या पंपापायी अख्खा हिवाळा गेला होता. तो विकून भाडं भरायचं होतं, ते राहिलं. त्यावरून घरमालकाची बोलणी खाल्ली. आणि मग हिची पाठ. कोर्टाचे दावे, कॉलेजातल्या पोरांचे प्रबंध, कुठल्या कुठल्या मंडळांची इतिवृत्तं, सगळं हिने वाकून वाकून टाइप केलं, तेव्हा कुठे माझं पंपांचं दुकान उभं राहिलं. फुकट म्हणे!

काल बेबीचा फोन आला. लेक चाळिशीला आली, पण आमच्या तोंडी बेबीची बेबीच राहिली. नव्या घरात खिडकीपाशी जागा केली आहे, आईचं मशीन न्यायला येईन म्हणाली.

मी म्हटलं, "ने की. पण बंद पडलेलं मशीन मी कोणाला देत नाही. पोटच्या पोरीलासुद्धा नाही. चालू करून देईन."

"बाबा, मला नुसतं ठेवायचंय हो!"

"नुसतं ठेवायला फुलदाणी आण."

हे झालं सांगायचं कारण. खरं कारण इथे लिहितो, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

पुढे दुकान, मागे खोली, मध्ये फळ्यांची भिंत, असा आमचा संसार होता. भिंतीपलीकडे ही टाइप करत असे, अलीकडे मी पंप उघडून बसलेला. टाइप करताना ही बोलत नसे. बोललं की चूक होते आणि चूक झाली की रबर घासत बसावं लागतं. पण ओळ संपत आली की मशीन 'टिंग' करतं. म्हणजे सावध, आता चार-पाचच अक्षरं मावतील. ही तेवढी अक्षरं मारायची आणि कागदाची गाडी परत सरकवता सरकवता एक वाक्य बोलायची. टिंग. खर्रर्र. "दूध उतू गेलं." मी उत्तर तयार ठेवायचो, ते पुढच्या टिंगला. टिंग. खर्रर्र. "तुम्हाला सांगितलं होतं लक्ष ठेवा म्हणून."

आमची सगळी भांडणं अशी ओळीओळीने झाली. बेबीचं नाव ठरलं ते असंच, घर बांधायचं ठरलं तेही असंच. एका गाडीत मावेल तेवढंच बोलणं. त्यामुळे कुठलंही भांडण कागदापलीकडे गेलं नाही.

पुढे कधीतरी ती घंटी बिघडली. मग ही बोटाच्या पेरांनी फळीवर दोनदा ठोकायची आणि बोलायची. मी कितीदा म्हटलं, आण इकडे, दोन मिनिटांत काढून देतो. तर म्हणायची, "राहू दे. माझ्यापुरती वाजते." काटकसर अंगातच होती हिच्या.

ही गेल्याला दोन वर्षं होतील. मशीन बेबीकडे जाण्याआधी मला ती घंटी एकदा ऐकायची आहे. बाकी काही मागणं नाही.

आणि ते जमणार नाही असं नाही. जन्मभर केलं काय दुसरं? दुकानाच्या पाटीवर ठळक लिहिलंय: 'नुसत्या आवाजावरून पंपाचं निदान'. पंप चालू करा, मी पाठ करून बसतो, बिघाड कुठे ते सांगतो. अशी पाटी लावायची कोणाची छाती आहे सांगा. आणि मी ऐकून सोडलेला पंप परत आलाय, असं पाटी लावल्यापासून एकदाही झालेलं नाही. एकदाही!

५ फेब्रुवारी, बुधवार

मशीन माळ्यावरून काढलं. मिस्त्रीने एकट्याने उतरवलं. मी खालून फक्त "सांभाळ, सांभाळ" म्हणत होतो, तेही काम कमी नसतं.

मिस्त्री माझ्याकडे मिसरूड फुटायच्या आधी आला, आता त्याचे कल्ले पांढरे झालेत. शब्दाला जड, पण माणूस सोन्यासारखा. त्याची एक सवय मला फार आवडते. मी पंप ऐकला, काय ते सांगितलं, की हा तो मागच्या अंगणात नेतो आणि स्वच्छ धुऊन आणतो. पंप धुऊन देणारं दुकान आमचं एकटंच. गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

मशीनचा पाठचा पत्रा काढला. आत काय असावं? रबराचा भुगा. मूठभर. हिने खोडलेलं सगळं गेली कित्येक वर्षं त्या पोटात साठलं होतं. कोणाच्या दाव्यातली तारीख, कोणाच्या प्रबंधातलं जोडाक्षर. शिवाय केसातली एक पिन आणि एक बटण, जे माझ्याच शर्टाचं निघालं. त्या बटणावरून झालेलं भांडण चांगलं चार ओळींचं होतं.

मिस्त्री म्हणाला, "मालक, हे झाडून टाकू ना?"

"बटण ठेव."

"आणि भुगा?"

 तो मी एका रिकाम्या डबीत भरून घेतला. मिस्त्रीने काही विचारलं नाही. सोन्यासारखा माणूस म्हणतो तो यासाठी.

दात घासायचा जुना ब्रश आणि रॉकेल घेऊन अक्षरांच्या काड्या एकेक साफ केल्या. 'र' चिकटून बसला होता. 'र' नाही तर कसलं मराठी! संध्याकाळपर्यंत सुटला.

८ फेब्रुवारी, शनिवार

अक्षरं सगळी उठतात. गाडी सरकते. रबरी रोलर वाळून दगड झालाय, पण चालेल. नवी रिबीन मिळेपर्यंत जुन्याच रिबिनीवर तेलाचा हात फिरवला, त्यात पांढरा शर्ट कामी आला. म्हणजे आला नाही, गेला.

घंटी मात्र गप्प. ओळीच्या शेवटी छोटा टोला, म्हणजे घंटीची हातोडी, उचलतो, घंटीच्या वाटीवर पडतो, सगळं डोळ्यांना दिसतं. आवाज नाही. वाटी उतरवून घासली, उलटी करून पाहिली, कुठे चीर नाही.

आजचा दिवसच तसला होता. पार्सलवाला दारात चिठ्ठी टाकून गेला, 'घंटी वाजवली, कोणी उघडलं नाही.' मी दारापासून हातभर अंतरावर पेपर वाचत होतो! लगेच वायरमनला बोलावलं. त्याने बटण दाबलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा दाबलं, आणि "ठीक आहे काका" म्हणून निघून गेला. हल्ली कोणाला कामाची लाजच नाही. घरच्या घंटीची ही तऱ्हा, तर टाइपरायटरचं काय घेऊन बसलात.

आणखी एक. समोरच्या झाडावर पूर्वी पहाटे पाखरांचा काय कालवा असायचा. आता एक नाही. हवाच बदलली.

शेवटी शेवटी ही खोलीत यायची तीच पाय आपटत. मी म्हणायचो, "घोडा शिरला काय घरात?" तर हसायची. चाळीस वर्षं मांजरीच्या पावलांनी वावरलेली बाई म्हातारपणी धाडधाड चालायला लागली. स्वभाव बदलतो माणसाचा. तेव्हा मी वैतागायचो. आता वाटतं, एकदा कोणीतरी तसं आपटत यावं.

९ फेब्रुवारी, रविवार

बेबीचा फोन. येत्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतेय. म्हणजे तेवीस तारीख. हातात दोन आठवडे आहेत.

हे हल्लीचे फोन म्हणजे तोंडात बोळा कोंबून बोलल्यासारखे. मी तिला म्हटलं, जरा मोठ्याने बोल. तर म्हणाली, "ओरडतेय बाबा मी, शेजारचे बघायला आलेत." विनोदी स्वभाव आईचाच घेतलाय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मशीन घेऊन मास्तरांकडे गेलो. मास्तरांचा एके काळी टायपिंगचा क्लास होता, निम्म्या गावाची बोटं त्यांनी तयार केली. आता क्लास बंद, पण मोडकी मशीनं पलंगाखाली जपून ठेवली आहेत. सुटे भाग विकताना माणूस स्वतःचा दात काढून दिल्यासारखं तोंड करतो.

मास्तरांनी कागद चढवला आणि रस्त्याकडे बघत, गप्पा मारत, दहाही बोटांनी एक ओळ मारली.

"वा! वहिनींचा हात हलका असणार. कळा अजून तलम आहेत."

"मास्तर, कळांचं राहू द्या. घंटीचं बघा."

"घंटीला काय झालंय?"

"वाजत नाही."

त्यांनी आणखी एक ओळ मारली. "ही काय."

"काय, ही काय?"

"वाजली की."

मी हसलो. "मास्तर, मीही दुकानदारच आहे. 'चालतंय की' म्हणून किती गिऱ्हाइकं मी दारातून परत पाठवली असतील."

"अहो, खणखणीत वाजतेय! शपथ घेऊ का?"

"शपथ नको, दुसरी घंटी द्या."

 मास्तर पलंगाखाली वाकले आणि एका मोडक्या मशीनची वाटी काढून आणली. टिचकी मारून माझ्यासमोर धरली. "ही चालेल?"

मला विचाराल तर तिचाही आवाज बसलेलाच होता. पण बिचाऱ्यांचं वय झालंय. मास्तरांचा कान गेला, हे आता स्पष्टच आहे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी काही बोललो नाही. वाटी घेतली. निघताना त्यांनी पैसे घेतले नाहीत आणि माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला. मास्तरांनी पैसे न घेणं ही काळजीचीच गोष्ट आहे. तब्येत बरी नसावी.

१६ फेब्रुवारी, रविवार

मास्तरांची वाटी मुकी. सायकलवाल्याकडून घंटी आणून तिची वाटी बसवली, मुकी. घड्याळजीकडून गजराच्या घड्याळाची वाटी आणली. मुकी. टोल्याची स्प्रिंग ताणून पाहिली, सैल करून पाहिली.

शेवटी दुपारी मिस्त्रीला बोलावलं. दुकान बंद होतं, तरी आला.

"तू टोला मार, मी ऐकतो."

मी कान वाटीजवळ नेला. टुक्. बस्स, नुसतं टुक्. लाकडावर नख मारावं तसं.

"मिस्त्री, पितळाला काय झालंय रे हल्ली?"

"भेसळ असेल, मालक."

"सायकलच्या घंटीतसुद्धा?"

"आजकाल सगळीकडेच."

"तुला काही ऐकू आलं?"

तो हातातलं फडकं पिळत बसला. फडकं कोरडं होतं. "तुम्हाला आलं तेवढंच, मालक."

मग म्हणाला, चहा घेऊ या. चहा घेतला. त्याने बशीऐवजी टेबलावरच ओतला. त्याच्याही वयाकडे बघायला पाहिजे आता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

स्वतःशी तरी खरं बोलावं.

हिची मूळची वाटी परत बसवली आहे. सगळं झालं. नवी रिबीन चढली, काळीभोर अक्षरं उठतात, कुठे अडत नाही. फक्त घंटी नाही. आणि आज सकाळी दात घासताना माझ्या मनात आलं की घंटी वाजत नाही तोवर मशीन दुरुस्त नाही, आणि दुरुस्त नसलेलं मशीन मी देत नाही, असं मी बेबीला आधीच बजावून ठेवलंय. म्हणजे मशीन इथेच राहील. शब्दाचा पक्का माणूस म्हणून वर मान ताठ.

आरशात बघून मला माझीच लबाडी कळली. धंद्यात ठीक आहे. पण लेकीशी?

ती घंटी मला मिळत नाहीये, म्हणून बेबीलाही द्यायचं नाही. असं आहे खरं.

नंतर मागच्या खोलीत मशीनपुढे बसलो. मी एका बोटाचा टायपिस्ट. इतके दिवस नुसतं 'पाणी पाणी पाणी' मारत होतो, आमच्या धंद्याचा शब्द. आज वाटलं, हिचं नाव मारावं.

हिचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही. 'अगं', 'ऐकलंस का', आणि लोकांत 'ही'. नावातलं पहिलंच अक्षर ऱ्हस्व वेलांटीचं. मशीनवर ती वेलांटी आधी मारावी लागते आणि अक्षर मागून. हे मला हिनेच सांगितलं होतं, कुठल्याशा टिंगनंतर: "वेलांटी आधी येऊन उभी राहते, अक्षर मागून येतं. बायकांसारखं नाही हो, नवऱ्यांसारखं. उगाच पुढे पुढे." आज मी बोलायच्या सवयीने अक्षर आधी मारलं. वेलांटी जाऊन बसली दुसऱ्या अक्षरावर. भलत्याच बाईचं नाव तयार झालं.

रबर घेऊन खोडलं. भुगा मशीनच्या पोटात पडला. एवढं घासूनपुसून लख्ख केलेलं पोट, त्यात पहिली चूक माझी.

दुसऱ्यांदा बरोबर मारलं. मग तेच मारत गेलो, ओळ संपेपर्यंत. टोला उचलला, पडला. मी थांबलो. हिचं नाव घेऊन तरी वाजेल, असं का वाटलं कोण जाणे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बेबी आज आली. एक दिवस आधी. की नाही, ते पुढे लिहितो.

सकाळी दुकान मिस्त्रीवर सोपवून मी मागच्या खोलीत मशीनशी झटत होतो. गाडी आणून ओळीच्या शेवटाजवळ ठेवायची, दोन अक्षरं मारायची, टोला बघायचा, गाडी परत. तोंडाने बडबडही चालू होती, "वाज की गं. एकदा वाज. तुला काय जातंय?"

तेवढ्यात फळीवर ठक् ठक्.

दोनदा. पेरांनी.

मी वळलो नाही. वळल्यावर काय दिसणार हे मला माहीत होतं, म्हणजे काय दिसणार नाही ते माहीत होतं. म्हणून जितका वेळ न वळता काढता आला तितका काढला.

"बाबा."

फळीला टेकून बेबी उभी होती. खांद्यावरची पिशवी तशीच. चेहऱ्यावरून ती बरीच आधी आली असावी.

"तू उद्या येणार होतीस."

"शनिवारी म्हटलं होतं मी."

"रविवारी म्हणालीस."

"शनिवारी, बाबा." या वेळी मी तिच्या ओठांकडे बघत होतो. ओठांवर 'श' होता. "दाराची घंटी वाजवून बोट दुखलं माझं. मग दुकानातून आले. काय चाललंय हे?"

"तुझ्या आईची घंटी वाजत नाही. सगळं करून झालं. बाजारातलं पितळच..."

तिने मला उठवलं, स्वतः बसली आणि सरसर ओळ मारली. आईचाच हात. टोला पडला. तिने मान वर केली.

"आता?"

"नाही."

तिने पुन्हा मारली. "आता?"

"बेबी, नाही वाजत ती. मी काय खोटं सांगतोय?"

 तिने माझं बोट धरलं, वाटीवर टेकवलं आणि दुसऱ्या हाताने टोला उचलून सोडला.

वाटी थरथरली. बोटाच्या टोकाखाली, बराच वेळ, बारीक बारीक होत गेली आणि थांबली. चालू पंपावर मी जन्मभर असंच बोट ठेवत आलो. बोटाला कळतं. जे थरथरतं ते वाजतं.

"वाजतेय," मी म्हणालो.

"हो."

"मास्तरांकडे वाजली होती?"

"वाजली असणार."

"आणि मिस्त्रीपुढे?"

 बेबी जमिनीकडे बघून बोलायला लागली, पण लगेच लक्षात आलं तिच्या, तोंड वर करून माझ्यासमोर धरलं आणि पहिल्यापासून बोलली.

"आईने मला बजावलं होतं. बाबांच्या खोलीत शिरताना पाय आपटत जा, नाहीतर दचकतात."

म्हणजे घोडा तो.

"तिने मला का नाही सांगितलं?"

"मी विचारलं होतं. म्हणाली, आयुष्यभराची कमाई आहे ती त्यांची, दुकानाच्या पाटीवर लिहून ठेवलीय. आता त्यावर मी कुठे खोडरबर फिरवू?"

मला राग आला हिचा, खोटं का लिहू. उठून अंगणात गेलो. समोरच्या झाडाकडे बघितलं. पानांत दोन-तीन पाखरं होती, चोची उघडत होती, मिटत होती. कधीपासून होती देव जाणे.

आत आलो तर बेबीने नवा कागद चढवला होता. मी फळीच्या अलीकडे, माझ्या जुन्या स्टुलावर बसलो. आतून टाइप करणं सुरू झालं. ते मला स्वच्छ ऐकू येतं, एकेक अक्षर. मात्रेला गाडी हलत नाही, तिचा आवाज जरा बसका, तेही कळतं. मग ओळ संपत आली.

ठक् ठक्. खर्रर्र. "बाबा, जेवलात का?"

मी पुढच्या ओळीपर्यंत थांबलो. तसाच नियम होता.

ठक् ठक्. खर्रर्र.

"नाही," मी म्हणालो. "तुझी वाट बघत होतो."

ठक् ठक्. खर्रर्र. "उद्या येणार होते ना मी?"

आईवर गेलीय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बेबीने कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. सुरुवातीला बरे भोंग्यासारखे आवाज आले, मी जोरात दाबत होतो. मग काहीच येईना. पण काचेतून बाईंचा हात दिसत होता. त्यांनी हात हलवला की मी बटण दाबायचो. चांगलं जमलं होतं. बाईंनी येऊन माझी खुर्ची फिरवून भिंतीकडे केली.

भिंतीकडे तोंड करून बसलो. समोर पांढरा रंग. आवाज येईल म्हणून वाट बघत बसायची मला सवय आहे.

बाई म्हणाल्या, जाड आवाज शाबूत आहेत, बारीक आवाज गेले. असं एकदम होत नाही, बरीच वर्षं लागतात. पंप ऐकून ऐकून झालंय. कानात घालायचं यंत्र मापाचं बनून यायला वेळ लागेल. मी विचारलं, त्यात टाइपरायटरची घंटी ऐकू येते का? त्यांनी असा प्रश्न पूर्वी ऐकला नसावा. म्हणाल्या, यायला हवी. पण तुम्हाला आठवते तशीच येईल असं नाही सांगता येत.

खरं बोलणारी बाई. फी जास्त वाटली नाही.

बेबी म्हणाली, मशीन ठेवा बाबा, यंत्र आल्यावर ऐका आणि मग मी नेते. मी दाढी खाजवत विचार केला. गुरुवारची ती लबाडी आठवली.

"नाही. चालू करून देईन म्हणालो होतो. चालू आहे. ने."

"पण तुम्हाला..."

"खिडकीपाशी ठेव. मी येईन ऐकायला. आणि भुग्याची डबी इथे राहील, ती मागू नकोस."

२६ फेब्रुवारी, बुधवार

मशीन काल गेलं. मागच्या खोलीत टेबलावर चार पायांचे चार डाग राहिलेत. पुसले नाहीत.

आज दुकानाची पाटी उतरवायला मिस्त्रीला शिडीवर चढवलं. एक खिळा काढला आणि तो वरच थांबला.

"मालक, राहू दे ना. पाटीने कोणाचं काय बिघडलंय?"

"खोटी आहे रे ती."

"खोटी कशी? एक पंप परत आला नाही."

"तेच म्हणतो मी! या कानांनी ऐकून सोडले, आणि एकही परत कसा आला नाही? नशीबच म्हणायचं."

मिस्त्री शिडीवरून खाली उतरला. अगदी माझ्यासमोर उभा राहिला, तोंड माझ्याकडे करून, बेबीने शिकवल्यासारखा. आणि सांगितलं.

हिने त्याला फार पूर्वीच बोलावून माझ्या कानांचं सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून मी ऐकलेला प्रत्येक पंप तो मागच्या अंगणात नेतो, पुन्हा उघडतो, जे खरोखर बिघडलेलं असेल ते दुरुस्त करतो, आणि मग धुतो.